फुग्याचा कुत्रा फुटतो का आणि सुटतो का

प्रश्न थोडक्यात असा: मुलीच्या वाढदिवसाला दीड महिना आहे. येणाऱ्या वीसेक मुलांना लांब फुग्यांचे प्राणी स्वतः करून द्यायचे आहेत. व्हिडिओ बघून पंधरा फुगे संपवले. त्यातले निम्मे हातातच फुटले आणि जे वाचले त्यांचा कुत्रा टेबलावर ठेवताच उलगडून पुन्हा काठी झाला. चूक बोटांची, फुग्यांची की पद्धतीची?

थोडी फुग्यांची, थोडी बोटांची, पण बरीचशी हवेची. बघणाऱ्याला हे पीळ मारायचं काम वाटतं, प्रत्यक्षात तो हवेचा जमाखर्च आहे. फुगा कुठपर्यंत भरला, टोकाला किती रिकामा सोडला आणि गाठीआधी किती सैल केला, एवढं जमलं की कुत्रा पाचव्या-सहाव्या खेपेला उभा राहतो. हे चुकलं तर हात कितीही चलाख असो, फुगा फुटणारच.

आधी माल. प्राण्यांसाठी लागतो तो २६० नंबरचा फुगा: पूर्ण फुगल्यावर २ इंच जाड आणि ६० इंच लांब, म्हणून २६०. त्याच हिशेबाने १६० हा १ इंच जाड आणि ३५० हा ३ इंच जाड, ५० इंच लांब. शिकताना फक्त २६०. १६० बारीक असल्याने भरायला फार जोर लागतो आणि ३५० लहान हातांच्या माणसाला आवरत नाही. दुकानात नुसतं ‘लांब फुगे’ म्हटलं तर सजावटीचे, जत्रेतले, वाट्टेल ते पुढे येतं. नंबर सांगून मागा. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या, अशा ठिकाणी शंभराच्या पिशव्या मिळतात. क्वालाटेक्स, सेम्परटेक्स, जेमार ही नावं या कामातले लोक वापरतात. महाग पडतात, पण सगळ्या फुग्यांची भिंत सारख्या जाडीची असते. स्वस्त मिश्र पिशवीतला फुगा भरताना केळ्यासारखा वाकला तर समजावं की एक बाजू जाड आहे आणि दुसरी पातळ. फुटायची वेळ आली की तो पातळ बाजूनेच फुटतो. असे फुगे गाठ मारायच्या सरावाला ठेवावेत.

फुगा नैसर्गिक रबराच्या चिकाचा असतो आणि ऊन, उष्णता, हवा यांनी तो म्हातारा होतो. न फुगवलेला फुगा ताणून बघा. रंग एकसारखा फिकट व्हायला हवा. बारीक रेघा दिसल्या किंवा चिकटपणा लागला तर ती पिशवी गेली. उघडलेली पिशवी घट्ट बंद करून कपाटात, अंधारात ठेवावी. उभ्या गाडीच्या डिकीत तर मुळीच नको.

पंप हवाच. दट्ट्या पुढे ढकलताना आणि मागे ओढताना दोन्ही वेळा हवा सोडणारा हातपंप असतो, तो घ्या. तोंडाने २६० फुगवणारे लोक आहेत, पण नवशिक्याने त्या नादी लागू नये. सुरुवातीला इतका दाब द्यावा लागतो की कानाखाली, गालातल्या लाळग्रंथींत हवा शिरून जबडा दुखू शकतो. शिवाय तुमच्या तोंडातला फुगा दुसऱ्याच्या मुलाच्या हातात जाणार, हेही आहेच.

आता भरणं. फुग्याचं तोंड पंपाच्या नळीवर अर्धा-पाऊण इंच चढवून दोन बोटांनी धरा. पहिला दट्टा जड जातो, नंतर एकदम हलका होतो. याचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. रबराची नळी सगळीकडे एकाच वेळी फुगत नाही. आधी तोंडाजवळ एक टेंगूळ येतं. ते येईपर्यंत दाब सगळ्यांत जास्त असतो, आल्यावर तो उतरतो आणि मग टेंगूळ हळूहळू टोकाकडे सरकत जातं. म्हणून अर्धवट भरलेल्या फुग्यात दोनच अवस्था दिसतात, पूर्ण जाड आणि पूर्ण बारीक, मधली नाही. पुढचं बारीक टोक हीच आपली जागा. तुम्ही एक पीळ मारला की त्या ठिकाणची हवा बाजूला ढकलली जाते. तिला जायला टोक मोकळं असेल तर टोक थोडं फुगतं आणि काम चालू राहतं. नसेल तर सगळा फुगा दर पिळासरशी कडक होत जातो आणि आठव्या-नवव्या पिळाला, नेमका मागच्या पायांवर, फुटतो. तुमचे निम्मे फुगे बहुधा असेच गेले.

कुत्र्यासाठी टोकाला पाच बोटांची रुंदी, म्हणजे साधारण ४ इंच, रिकामं सोडा. पहिले दहा कुत्रे होईपर्यंत ५ इंच सोडलं तरी चालेल. शेपूट थोडं आखूड होईल, फुगा मात्र वाचेल. लक्षात ठेवा, रिकाम्या टोकाचा एक इंच फुगल्यावर चौपट-पाचपट लांब होतो, त्यामुळे दिसायला चिमूटभर असलेलं टोक बरीच हवा पोटात घेतं. नियम एवढाच, की जितके पीळ जास्त तितकं टोक लांब. कुत्र्याला दहा पेरं, म्हणजे पिळांनी पडलेले फुगीर भाग, लागतात. तलवारीला तीन-चारच पीळ, म्हणून दोन बोटं टोकही पुरतं.

भरून झालं की लगेच गाठ मारू नका. पंपावरून काढताना तोंडातून अर्धा-एक इंचभर हवा जाऊ द्या आणि तोंडाकडची बाजू मुठीत दाबून बघा. ती कडक टायरसारखी नाही, पिकलेल्या केळ्यासारखी लागली पाहिजे. नाक, कान ही पहिली पेरं तिथेच पडतात. व्हिडिओत ही क्रिया अर्ध्या सेकंदात उरकली जाते, म्हणून ती दिसतच नाही. आणखी एक युक्ती: फुगा जवळजवळ टोकापर्यंत भरून मग हवा सोडत हवं तेवढं टोक मोकळं करायचं. एकदा ताणलेलं रबर मऊ पडतं आणि असा फुगा पिळायला जास्त सोसतो.

गाठीत बरेच जण अडतात. तोंडाची बारीक नळी उजव्या हाताने दोन-अडीच इंच ओढा, डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पाठीवरून एक वेढा घ्या, टोक वेढ्याखालून त्या दोन बोटांच्या फटीत सारा आणि बोटं बाहेर काढता काढता टोक ओढून धरा. गाठ हवेला अगदी चिकटून नको, थोडी नळी मधे राहू द्या. जागा नसली की गाठीशेजारचं रबर ताणात राहतं आणि पहिल्याच पिळाला तिथून फुटतं.

पिळण्याआधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. नखं नुसती कापून भागत नाही, कापल्यावर घासा. नुकत्याच कापलेल्या नखाची कड वाढलेल्या नखापेक्षा वाईट. हात कोरडे हवेत. कोकणात, मुंबईत घामाने बोटं रबराला चिकटतात आणि फुगा फिरण्याऐवजी ओढला जातो. जवळ सुती रुमाल ठेवावा. हँड लोशन किंवा तेलाचा हात नको, तेलाने रबर कमकुवत होतं.

पीळ म्हणजे काय ते नीट बघू. उसाला जशी पेरं असतात तशी फुग्याला पेरं पाडायची. जिथे सांधा हवा तिथे आधी दोन बोटांच्या चिमटीने फुगा दाबून हवा दोन्हीकडे सारा, मग एका बाजूचं पेर तीन पूर्ण वेढे फिरवा. न दाबता सरळ फिरवलं तर सगळा ताण एका रेषेवर येतो. फिरवायची दिशा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, आपल्यापासून लांब म्हणा किंवा आपल्याकडे म्हणा, पण एकच. एक पीळ इकडे आणि पुढचा तिकडे मारलात तर दुसरा पहिल्याला उलगडतो. तुमचा कुत्रा टेबलावर सुटण्याचं एक कारण हे असण्याची दाट शक्यता आहे.

दुसरं कारण धरण्यात असतं. सांधा स्वतःहून टिकत नाही, तो कुठेतरी अडकवल्यावरच टिकतो. तोपर्यंत पहिला आणि शेवटचा असे दोन सांधे हातात हवेत. ते धरलेले असले की मधले आपोआप राहतात. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका पहिल्या पेरावर, अंगठा-तर्जनी चालू सांध्यावर आणि उजवा हात फिरवायला. सुरुवातीला हात कमी पडल्यासारखे वाटतात. वीस फुग्यांनंतर हे लक्षातही येत नाही.

आता कुत्रा. गाठीकडून सुरुवात. पहिलं पेर ३ इंचांचं, म्हणजे चार बोटं, हे नाक. दुसरं आणि तिसरं पेर प्रत्येकी ३ इंच; हे कान. तिन्ही पिळून झाली की दोन कान एकमेकांशेजारी मिटा, म्हणजे पहिल्या कानाची सुरुवात आणि दुसऱ्या कानाचा शेवट समोरासमोर येतील. दोन्ही कान एकत्र मुठीत धरून तीन वेढे फिरवा. हे कुलूप. आता डोकं सोडलं तरी सुटत नाही. पुढे अडीच इंचांची मान, मग प्रत्येकी ४ इंचांचे दोन पुढचे पाय, ते मिटून तसंच कुलूप. मग ४ इंचांचं धड, पुन्हा ४-४ इंचांचे मागचे पाय आणि तिसरं कुलूप. उरलेलं ते शेपूट. बस्स. पाहिलंत तर तीनदा एकच गोष्ट केली: एक पेर सोडा, दोन पेरं मिटा, फिरवा.

प्रमाण डोळ्यांत भरायचं असेल तर अमेरिकी शिल्पकार जेफ कून्स यांच्या ‘बलून डॉग’चा फोटो बघावा. १९९४ ते २००० या काळातलं हे चकचकीत पोलादी शिल्प आहे, १० फुटांहून उंच. त्याच्या नारंगी प्रतीला २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले. कलेबद्दल कुणाचं काही मत असो, नाकावरची गाठ, जोडीला आलेले कान आणि पायांची लांबी-जाडी यांचा नमुना म्हणून तो उत्तम आहे.

तुमचा कुत्रा झाला की त्याला जमिनीवर ठेवा आणि त्याचं बोलणं ऐका. एका बाजूला कलला तर एका जोडीतले दोन पाय असमान आहेत. पुढे वाकला तर पुढचे पाय आखूड पडले. डोकं लोंबलं तर मान लांब झाली किंवा कानांचं कुलूप दोनच वेढ्यांचं आहे. धडाजवळचे पाय फाकले तर कुलूप फिरवताना जोडी नीट मिटली नव्हती. शेपूट वीतभर लांब उरलं तर पेरं सगळीच आखूड झाली, आणि टोकाचं रिकामं रबर जसंच्या तसं शिल्लक राहिलं तर हवाच कमी भरली होती. हे शेवटचं दुखणं मात्र चांगलं दुखणं. त्याने फुगा फुटत नाही.

फुटण्याची आणखी एक जागा सांगून ठेवतो. जाडीपेक्षा आखूड पेरं, म्हणजे एक-दीड इंचाची, कडक फुग्यात टिकत नाहीत. ती एक तर सांध्यातून निसटतात, नाही तर फुटतात. छोटी पेरं हवी असतील तर फुगा आधीच बराच मऊ ठेवावा लागतो. याचं उत्तम उदाहरण म्हणजे उंदीर, आणि गणपतीच्या दिवसांत मूषकाला मागणी असतेच. फुगा फक्त १० ते १२ इंच भरा, बाकी सगळा रिकामा. एक-एक इंचाची मऊ पेरं पाडत कुत्र्याचाच क्रम लावा. रिकामं राहिलेलं लांब रबर ते उंदराचं शेपूट. फुटायची भीती नाही, पेरं मऊ असल्याने आवाजही फारसा नाही, आणि घाबरट मुलंही तो हातात घेतात. माझ्या मते नवशिक्याने कुत्र्याच्याही आधी उंदीर करावा. शिकवणारे सगळे कुत्र्यापासून का सुरुवात करतात कोण जाणे.

कुत्रा जमला की इतर प्राणी नवे शिकावे लागत नाहीत, फक्त मापं बदलतात. मान ८-९ इंच केली आणि धड आखूड ठेवलं की जिराफ. पाय दोन-दोन इंच आणि धड वीतभर केलं की डॅशहुंड, म्हणजे लांब अंगाचा बुटका कुत्रा. सशाला नाक दीड-दोन इंच आणि कान ५ इंच. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब करायचे आणि पुढची जोडी मागच्या दोन पायांच्या मधून आत सारायची, म्हणजे ससा बसलेला दिसतो आणि घट्टही राहतो. पूडल जातीच्या कुत्र्यासारखा शेपटाला गोंडा हवा असेल तर शेपटाचं टोक रिकामं ठेवून मागचा फुगलेला भाग मुठीत हळूहळू दाबा. हवा बारीक नळीतून सरकते आणि अगदी टोकाला गोळा उठतो. टेंगूळ सरकण्याचा तोच वर सांगितलेला खेळ.

तलवार मात्र वेगळी, आणि शिवजयंतीच्या सुमाराला मुलगे-मुली दोघंही तीच मागतात. दोन बोटं टोक ठेवून फुगा भरा, हवा सैल करा. गाठीकडे ५ इंचांची मूठ सोडून पीळ मारा. पुढच्या १२-१४ इंचांचा कडीसारखा वेढा करून त्याचं टोक त्याच सांध्यावर आणा आणि फिरवून अडकवा. तशीच दुसरी कडी त्याच जागी. दोन्ही कड्या मुठीच्या दोन बाजूंना वळवल्या की पंज्याची आडवी कड तयार, उरलेलं ते पातं. पातं वाकडं दिसलं तर उलट बाजूला वाकवून, दोन्ही तळव्यांमध्ये चोळून सरळ करता येतं. तलवार एकाला दिली की सगळ्यांना लागते आणि मारामारीत पहिली तीच फुटते, म्हणून ती रांगेच्या शेवटी काढावी.

एक चाल अजून शिकून ठेवा: चिमटा. एक इंचाचं मऊ पेर पाडून ते दोन बोटांनी वर ओढा, त्याचे दोन्ही सांधे एकमेकांना चिकटवा आणि पेर जागच्या जागी तीन-चार वेढे फिरवा. हा एकटाच कुलूप होतो, जोडी लागत नाही. अस्वलाचे गोल कान यानेच होतात, आणि फुग्याची दिशा काटकोनात वळवायचीही हीच युक्ती. फिरवताना तो करकरतो, तेव्हा घाबरून सोडू नका. अर्धवट सोडलेला चिमटाच जास्त फुटतो.

शंभर फुग्यांची पिशवी अशी वापरा. पहिले पंधरा फुगे नुसते भरा, सैल करा, गाठ मारा आणि प्रत्येकाचं रिकामं टोक पट्टीने मोजा. अंदाज एका इंचाच्या आत आला की पुढे जा. नंतरचे दहा उंदरांना. पुढचे तीस फक्त कुत्रे, रोज पाच-सहा. वीसेक ससा, जिराफ आणि तलवारीला. उरलेले पंचवीस कार्यक्रमासाठी, आणि सोबत एक न उघडलेली पिशवी. कार्यक्रमाला एकाला एक फुगा असं धरू नका. वीस मुलांना चाळीस फुगे लागतात. सरावलेल्या हाताला कुत्रा मिनिटभराचा, तुम्हाला दोन-अडीच मिनिटं लागतील, म्हणजे वीस मुलांचा पाऊण तास. त्यामुळे ‘काय हवं?’ असं विचारू नये. चार प्राण्यांची चित्रं भिंतीला लावावीत, त्यातलं निवडू द्यावं. नाही तर पहिलंच मूल डायनोसॉर मागतं.

सगळे आदल्या रात्री करून ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. रबरातून हवा झिरपते. सकाळपर्यंत कुत्रे ढिले पडतात आणि तकाकी जाऊन धुरकट दिसतात. त्याच दिवशी दुपारी करावेत. सोसायटीच्या मोकळ्या जागेत, उन्हात ठेवू नयेत. गडद रंग लवकर तापतात, आतली हवा पसरते आणि कुणी हात न लावता फुटतात. वाळक्या गवताची टोकं आणि खडबडीत कोब्याची फरशी ही दोन ठिकाणं टाळा. डोळे, तोंड काढायला पर्मनंट मार्कर चालतो, पण हलक्या हाताने, आणि शाई वाळेपर्यंत तिला बोट लावू नका.

एका गोष्टीत मात्र सवलत नाही. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी सक्तीचा इशारा छापलेला असतो: न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकून मूल गुदमरू शकतं. रबर घशाला चिकटून बसतं, खोकून सुटत नाही. त्यामुळे फुटला की आधी तुकडे मोजून उचला, मग नवा फुगा घ्या; रडणारं मूल अर्धा मिनिट थांबेल. तीन वर्षांखालच्याला फुगा हातात देऊ नका, आईबापाकडे द्या. पिळताना फुगा मुलाच्या आणि आपल्या चेहऱ्यापासून लांब, पोटाच्या उंचीवर धरा. रबराची ॲलर्जी असलेली मुलं असतात. आमंत्रण देतानाच पालकांना विचारून घ्या. त्यांच्यासाठी कागदाचा काही खेळ ठेवा, कारण चकचकीत फॉइलच्या फुग्याला असे पीळ घालता येत नाहीत.